सवडीचे वाङ्मय आणि क्षणाचे वाङ्मय

'वेळ काढणे' या मराठी वाक्प्रचाराचे दोन अर्थ आहेत आणि ते जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत. एखाद्या जिवलग माणसासाठी किंवा आवडत्या गोष्टीसाठी आपल्या भरलेल्या दिवसातील काही भाग राखून ठेवणे हा एक अर्थ. हाताला काही उद्योग नसताना दिवस कसाबसा पुढे ढकलणे हा दुसरा. या दुसऱ्या अर्थाच्या अंगाने आलेला 'वेळकाढूपणा' हा शब्द तर केवळ दूषण म्हणूनच योजला जातो. रोजच्या जीवनातील लहानसहान क्षणांना विषय करणाऱ्या वाङ्मयाचा विचार करताना भाषेतील ही दुहेरी फार उपयोगी पडते. मराठी वाचकाने या वाङ्मयाचे एकेकाळी अपार कौतुक केले आणि पुढे त्याच वाचकाला त्याचा कंटाळा आला. या दोन्ही प्रतिक्रियांचे मूळ एकाच प्रश्नात आहे. लेखकाने त्या क्षणासाठी वेळ काढला आहे, की त्या क्षणावर वेळ काढला आहे?

हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो तो लघुनिबंधाला. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'रत्नाकर' मासिकातून ना. सी. फडके यांचे या प्रकारचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३३ साली 'गुजगोष्टी' हा संग्रह निघाला. पाठोपाठ अनंत काणेकरांची 'पिकली पाने' आणि वि. स. खांडेकरांच्या 'वायुलहरी' वाचकांच्या हाती आल्या. निबंध म्हणजे चिपळूणकरांच्या परंपरेतील प्रौढ, खंडनमंडनात्मक, राष्ट्रचिंतनाने भारलेला लेख, अशी ज्या भाषेत दोन पिढ्यांची समजूत होती, त्या भाषेत एखाद्या सामान्य वस्तूवर, क्षुल्लक सवयीवर वा ओझरत्या प्रसंगावर चार-पाच पाने लिहावीत आणि ती वाचकाने मित्राचे बोलणे ऐकावे तशी ऐकावीत, ही लहान क्रांती नव्हती. जीवनातील किरकोळ गोष्टींनाही गद्यात बसण्याचा अधिकार आहे, हे लघुनिबंधाने सिद्ध केले. त्याचे हे ऋण नाकारून त्याच्या दोषांची चर्चा करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि या निबंधाने आपल्या जन्मापासून एक गोष्ट गृहीत धरली होती. ती म्हणजे सवड. लघुनिबंधातील 'मी' हा बहुधा काम संपवून बसलेला, किंवा काम टाळून बसलेला गृहस्थ आहे. त्याच्या खुर्चीला हात आहेत, खिडकीबाहेर काहीतरी दिसत आहे, आणि त्याला कोणी हाक मारीत नाही. हा 'मी' लेखकांच्या प्रत्यक्ष जीवनाचे चित्र नव्हे. फडके प्राध्यापक होते. खांडेकरांनी १९२० ते १९३८ ही वर्षे शिरोड्याच्या शाळेत काढली. काणेकरांनी वकिली, पत्रकारिता आणि अध्यापन अशा नाना व्यवसायांत आयुष्य वेचले. हे सर्व कामाची माणसे होती. परंतु निबंध लिहावयास बसताना त्यांनी आपल्या कामाचा दिवस दाराबाहेर ठेवला आणि सवडीचा मुखवटा चढविला. लहान क्षणाचे सुख हे कामातून सुटका झाल्यावरच मिळावयाचे, असा जणू या प्रकाराचा अलिखित नियमच होऊन बसला.

या नियमाचे वाङ्मयीन परिणाम सहज दिसू लागतात. ज्याला भरपूर सवड आहे, त्याला कोणत्याही एका क्षणाची निकड नसते. त्यामुळे निबंधाच्या आरंभी आलेली वस्तू ही हळूहळू विचार टांगावयाची खुंटी बनते. तिच्यावरून आठवण, आठवणीवरून चमत्कृती, चमत्कृतीवरून जीवनविषयक एखादे सूत्र, असा प्रवास ठरून जातो. फडक्यांच्या हाती हा प्रवास डौलदार राहिला, काणेकरांच्या हाती तो खट्याळ झाला, खांडेकरांच्या हाती त्याला करुणेची आणि उपदेशाची जोड मिळाली. पण अनुकरण करणाऱ्यांच्या हाती केवळ साचा उरला. शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोचलेल्या वाचकाने मागे वळून पाहिले, तर ती आरंभीची वस्तू कोठेच नसते. तिच्या जागी लेखकाचे व्यक्तिमत्त्व प्रसन्न मुद्रेने बसलेले असते. आत्मनिष्ठा हे ज्या प्रकाराचे बळ मानले गेले, त्याच आत्मनिष्ठेने त्याचे विषय गिळून टाकले.

दुसरा परिणाम नैतिक स्वरूपाचा आहे आणि मराठी समीक्षेने त्याची दखल त्या मानाने कमी घेतली. सवडीच्या त्या खुर्चीजवळ जो चहाचा पेला येतो, तो कोणीतरी आणून ठेवलेला असतो. आणणाऱ्या हातांचा उल्लेख निबंधात झालाच, तर तो विनोदापुरता होतो. एकाची सवड ही पुष्कळदा दुसऱ्याच्या श्रमातून निर्माण होते, हे सत्य लघुनिबंधाच्या चौकटीत मावत नव्हते. म्हणून रोजच्या जीवनाचे वाङ्मय म्हणविणाऱ्या या प्रकारात रोजचे जीवन चालविणारी माणसे मात्र फारशी आली नाहीत.

येथे असे म्हणता येईल की, हा प्रकारच इंग्रजी निबंधाच्या वळणावर घडला आणि सवड हा त्या मूळ निबंधाचाच स्वभाव होता. परंतु त्या परंपरेतील सर्वांत लाडक्या लेखकाचे उदाहरण नेमके उलट साक्ष देते. चार्ल्स लॅम्ब १७९२ ते १८२५ अशी तेहतीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत कारकून होता. 'एलिया' या टोपणनावाने त्याने लिहिलेले बहुतेक निबंध ही नोकरी चालू असतानाचे आहेत. निवृत्त झाल्यावर त्याच वर्षी त्याने आपल्या मोकळ्या झालेल्या दिवसांवर जो निबंध लिहिला, त्यात आनंदाइतकाच गोंधळ आहे. पूर्वी प्रत्येक वाराला त्याचा असा एक चेहरा होता. रविवार किती जवळ वा किती दूर आहे, यावरून त्या दिवसाची चव ठरत असे. आता सगळाच काळ आपला झाल्यावर वारांचे चेहरे पुसले गेले, असे तो नोंदवितो. लॅम्बच्या निबंधांतील लहान सुखांना जी धार आहे, ती हिशेबाच्या वह्यांच्या शेजारी राहिल्यामुळे आलेली आहे. मराठी लघुनिबंधाने त्याच्यापासून गप्पांचा सूर घेतला, पण त्या सुरामागची कचेरी घेतली नाही.

बंगालीतील रवींद्रनाथांची पत्रे याच दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. पुतणी इंदिरादेवी हिला लिहिलेल्या पत्रांतील निवडक भाग 'छिन्नपत्र' या नावाने १९१२ साली ग्रंथरूप झाला. त्यांपैकी पुष्कळ पत्रे पद्मा नदीच्या परिसरातून, शिलाइदह आणि शाहजादपूर येथून लिहिलेली आहेत. रवींद्रनाथ तेथे विहारासाठी गेले नव्हते. घराण्याच्या जमीनदारीचा कारभार पाहणे हे त्यांचे काम होते. प्रजेची गाऱ्हाणी आणि कचेरीतील कागद यांच्यामधून नदीकाठची संध्याकाळ त्या पत्रांत शिरते. जमीनदाराची सवड ही शेतकऱ्याच्या सवडीसारखी नव्हे, हे उघड आहे. तरीही कामाने वेढलेला असल्यामुळेच त्या क्षणाला काठ प्राप्त झाला आहे आणि तो वाचकाला धरता येतो.

मराठीपुरते बोलावयाचे, तर लहान क्षणाच्या वाङ्मयाचा इतिहास 'रत्नाकर'पासून सुरू होतो, हा समजच मुळात दुरुस्त करावयास हवा. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याकडे बोट दाखविले जाते, ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हे लहान क्षणांचेच वाङ्मय आहे. चक्रधरस्वामी कोठे बसले, काय जेवले, वाटेत कोण भेटले, कोणाला काय म्हणाले, असल्या प्रसंगांच्या छोट्या छोट्या लीळांनी तो ग्रंथ भरला आहे. म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासातील माणसे गाठून, त्यांच्या आठवणी विचारून आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेऊन ही सामग्री जमविली. तेथे कोणी सवड काढून क्षणाचा आस्वाद घेत नाही. तेथे गेलेला क्षण जसाच्या तसा राहावा म्हणून माणसे कष्ट घेत आहेत. त्यामागील श्रद्धा वाचकाला मान्य असो वा नसो, त्या श्रद्धेने गद्याला लावलेली शिस्त त्याला मान्य करावीच लागते. क्षणावर भाष्य करण्याचा मोह आवरला की तो क्षण किती स्पष्ट दिसतो, याचा तो आद्य मराठी पाठ आहे.

याहूनही अधिक व्यापक, आणि वाङ्मयेतिहासात आजही बाजूच्या दालनात ठेवलेली, दुसरी परंपरा जात्यावरच्या ओवीची. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या दोन भागांच्या संग्रहातून ती सुशिक्षित वाचकासमोर आणली. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावरून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. या ओव्यांत काय नाही? भावाची चाहूल, लेकीची पाठवणी, माहेरची वाट, पंढरीचा ध्यास, सासूचा बोल, दारातली तुळस. प्रत्येक ओवी म्हणजे एकेक क्षण आहे आणि ती रचणाऱ्या बाईला बसावयाची उसंत नाही. पहाटेच्या अंधारात, घर जागे होण्यापूर्वी, दिवसाचे पीठ पडावयाचे आहे. ज्या वेळेवर घरातील दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता, ती वेळ तिने दळणाबरोबर स्वतःची करून घेतली.

या प्रक्रियेचे घटक नीट ध्यानात घेतले पाहिजेत. हात खुंट्याला बांधलेले आहेत, पण मन मोकळे आहे. जात्याच्या फेऱ्याने चरणाची लांबी आखून दिली आहे. त्यामुळे पाल्हाळ संभवत नाही. समोर बहुधा दुसरी बाई बसलेली आहे. तिला ऐकू जाईल असे, पण माजघराच्या भिंतीपलीकडे जाणार नाही असे बोलावयाचे आहे. एक मर्यादा कामाची, एक छंदाची आणि एक श्रोत्याची, अशा तिहेरी बंधनात सापडलेला तो क्षण अतिशय दाट होऊन बाहेर येतो. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांच्या रचनेतही हीच किमया आहे. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता सुचलेले त्या म्हणत, आणि जवळच्या माणसांनी ते टिपून ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली हे काव्य ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा सुगरणीचा खोपा किंवा घरातील घरोटा यांकडे मराठी कविता जणू प्रथमच पाहत आहे, असे जाणत्यांना वाटले. वस्तू येथे खुंटी झालेली नाही. तिच्यातून विचार निघतो, पण विचार निघाल्यावरही खोपा झाडावर राहतोच.

आता या युक्तिवादावर एक गंभीर आक्षेप संभवतो. श्रमातून उत्कट वाङ्मय जन्मते असे म्हणणे म्हणजे श्रमाचे, आणि तेही लादलेल्या श्रमाचे, उदात्तीकरण करणे होय. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायांनी जाते सोडले, आणि ते योग्यच झाले. दळणाने मोडलेल्या खांद्यांची किंमत देऊन ओवी टिकवावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणाही अभ्यासकाला नाही. हा आक्षेप पूर्णपणे मान्य करूनच पुढे जावे लागते. किंबहुना त्यातूनच मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जात्याबरोबर जे गेले, त्यात कष्ट होते तसाच एक तासही होता. कष्ट गेले हे उत्तम; पण तो तास त्या बाईला दुसऱ्या रूपाने परत मिळाला काय? बहुतेक ठिकाणी त्याची जागा दुसऱ्या कामाने घेतली, आणि त्या नव्या कामाला जात्यासारखी लय नव्हती की समोर बसलेली सोबतीण नव्हती. ओवीच्या मागे श्रमाची थोरवी नाही. स्वतःच्या वेळेवर थोडातरी ताबा मिळविण्याची माणसाची जिद्द तेथे आहे. सवड आयती असलेल्याच्या वाङ्मयात या जिद्दीचे दर्शन सहसा होत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात लघुनिबंधाचा साचा फुटला आणि 'ललित निबंध' या नावाने जे नवे लेखन आले, त्याचे यश या कसोटीवर नीट उलगडते. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' (१९४९) हा संग्रह त्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. मानववंशशास्त्राच्या संशोधनात गढलेल्या या विदुषीचे निबंध कामाच्या आणि प्रवासाच्या दिवसांतून उगवतात. ज्या निबंधावरून संग्रहाला नाव मिळाले, त्यात एका समारंभात लेखिकेची ओळख थोर नात्यांच्या आधारे करून दिली जाते. ओळखीत काहीतरी उणे राहिल्याची रुखरुख घेऊन ती घरी निघते. आणि रस्त्यावरचा एक मुलगा आपल्या सोबत्यांना ती आपल्याबरोबरच्या मुलाची आई असल्याचे दाखवितो, तेव्हा ते उणे भरून येते. स्त्रीची परिपूर्ती नात्यातच शोधावी काय, यावर आजचा वाचक वाद घालील, आणि त्याने तो घालावा. पण निबंधाचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. तो क्षण चालता चालता आला आहे, निबंधकर्तीने तो बोलाविलेला नाही, आणि त्याच्यावर प्रवचन करण्यासाठी ती रस्त्यात थांबलेली नाही.

दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्रा'त (१९५६) क्षणाला वेळ देण्याची दुसरी एक रीत सापडते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या बारा महिन्यांवरील या लेखांत काळाचे माप लेखिकेच्या फुरसतीवर ठरत नाही. ते झाडापेलांच्या जीवनक्रमावर ठरते. कळी येणे, फूल गळणे, फळ धरणे, पानगळ होणे, हे एका बैठकीत दिसत नाही. त्याच झाडापाशी पुन्हा पुन्हा जावे लागते. म्हणून 'ऋतुचक्रा'तील एकेका क्षणामागे अनेक फेऱ्यांची पुण्याई उभी आहे. लघुनिबंधकाराला एक संध्याकाळ पुरे होत असे. येथे वर्षाखेरीज भागत नाही. लेखिकेचे व्यक्तिमत्त्व या लेखांत लपत नाही, परंतु ते पाहणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व आहे, मिरविणाऱ्याचे नव्हे.

तिसरी रीत श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांच्या 'डोह' (१९६५) या संग्रहात आहे. नदीकाठच्या गावातील बालपण हा त्याचा विषय. मुलाच्या दिवसात काम आणि सवड अशी विभागणी अजून पडलेली नसते. पाणी, झाडे, पाखरे, जनावरे यांच्यासाठी त्याला वेळ काढावा लागत नाही, कारण तो त्यांच्यातच असतो. प्रौढ लेखकाने ही अविभक्त अवस्था भाषेत पुन्हा उभी करावयाची म्हणजे विलक्षण संयम हवा. मागाहून आलेल्या शहाणपणाची एकही ओळ त्या मुलाच्या तोंडी पडता कामा नये. कुलकर्णी यांनी एकंदरीत मोजकेच लिहिले, ही गोष्ट या संयमाशी जोडून पाहण्यासारखी आहे.

या तिन्ही लेखकांत एक समान सूत्र दिसते. क्षणाला महत्त्व आहे असे ते सांगत नाहीत. त्याला लागेल तेवढा वेळ ते देतात. 'वेळ काढणे' आणि 'वेळ देणे' यांतील अंतर येथे स्पष्ट होते. काढलेला वेळ शेवटी काढणाऱ्याचाच राहतो आणि तो त्याचा उपभोग घेतो. दिलेला वेळ मात्र समोरच्याचा होतो, मग तो समोरचा माणूस असो, झाड असो, की डोहातले पाणी असो.

आजच्या ललित गद्यासमोर हा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. निबंधाचा मोठा आश्रयदाता आता वृत्तपत्राची पुरवणी आहे. तेथे दर आठवड्याला ठराविक शब्दांत एक क्षण हजर करावयाचा असतो. धावपळीच्या जगात थोडे थांबा, लहान गोष्टींतील सुख ओळखा, हा उपदेश या सदरांतून इतक्या वेळा केला जातो की, लघुनिबंधाच्या साच्याने नव्या वेषात पुनर्जन्म घेतला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ठराविक मापात उत्तम लेखन होऊ शकत नाही असे मुळीच नाही. ओवीचे माप तर याहूनही लहान होते. उणीव मापाची नाही. थांबा म्हणणारा हा लेखक स्वतः कशापाशी थांबला होता, याचा पुरावा लेखात मिळत नाही. थांबण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही, हेही तो विचारीत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला सकाळच्या उन्हाचा आस्वाद घेण्याचा सल्ला देण्यापेक्षा, कामावर जाता जाता त्या उन्हाविषयी ती काय बोलते हे ऐकून ठेवणे, हे वाङ्मयाचे अधिक मोठे काम आहे.

यावरून समीक्षकाने दोन गोष्टी हाती घ्यावयास हव्यात. पहिली कसोटीची. ललित निबंधाचे मूल्यमापन करताना शैलीचे लालित्य आणि व्यक्तिमत्त्वाचा रंग यांबरोबरच एक साधा प्रश्न विचारला जावा, तो असा की, लेख संपल्यावर वाचकाच्या मनात काय उरते, तो क्षण की त्या क्षणाचा धनी? दुसरी गोष्ट इतिहासाची. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात ओवी लोकसाहित्याच्या पत्रिकेत, 'लीळाचरित्र' प्राचीन गद्याच्या पत्रिकेत आणि निबंध आधुनिक ललित गद्याच्या पत्रिकेत अशी वाटणी करण्याची वहिवाट आहे. सोयीसाठी केलेल्या या वाटणीने एकाच प्रेरणेचे तीन तुकडे केले. म्हाइंभट, जात्यावरची अनाम बाई आणि 'ऋतुचक्रा'ची लेखिका यांना एका बाकावर बसवून वाचले, तर मराठीला लहान क्षणांचे प्रेम शिकण्यासाठी लॅम्बची वाट पाहावी लागली नव्हती, हे दिसून येईल. आणि खुद्द लॅम्बकडून घेण्यासारखे काय राहून गेले, तेही कळेल. असा एकत्रित पाठ तयार करणे हे कोणा एका अभ्यासकाचे काम नव्हे. मराठीबरोबरच इतर भारतीय भाषांतील स्त्रीगीते, पत्रे आणि आठवणी यांच्याशी तो ताडून पाहावा लागेल. त्याला वेळ लागेल, आणि तो दिला पाहिजे.